चाल कोणाला येते?

पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला की आमच्या मेथॉडिस्ट ख्रिस्ती मंडळीत पेटीवर बसलेला माणूस आधी मागच्या बाकांकडे पाहतो, कारण आमच्या हातातल्या गीतपुस्तकात शब्द छापलेले आहेत, सुरावट छापलेली नाही. काही गीतांच्या माथ्यावर वृत्ताचे नाव असते, काहींवर एखाद्या जुन्या पदाचा पहिला चरण चाल म्हणून दिलेला असतो, आणि ते मूळ पद आज कोणालाच ठाऊक नसते. मग मागून एखादी म्हातारी बाई खाकरून पहिली ओळ उचलते, पेटी तिच्या सुरात येऊन मिळते आणि गीत चालू होते. ती बाई त्या रविवारी आलेली नसेल, तर पाळकसाहेब दुसरा क्रमांक सांगतात. अलीकडे दुसरा क्रमांक सांगण्याची वेळ वरचेवर येऊ लागली आहे. क्वायरचे, म्हणजे देवळातल्या गायकवृंदाचे, पहिले काम मंडळीच्या चाली सांभाळणे आणि जमलेल्या प्रत्येकाला गायला लावणे हे आहे, असे मी लहानपणापासून पाहत आणि मानत आले. ते काम आपल्या हातून सुटत चालले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आमचा भाग मराठवाड्याच्या दक्षिण टोकाचा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके निजामाच्या काळापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. त्यामुळे आमच्या जुन्या घरांचे नाते अजूनही बिदरशी आहे, लेकी तिकडे दिलेल्या आहेत, सुना तिकडून आलेल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर गाणीही आलेली आहेत. सीमेवरच्या एखाद्या उपासनेत एक गीत मराठीत, एक कानडीत आणि शेवटचे तेलुगूत झाले तरी कोणाला नवल वाटत नाही. एकाच चालीवर तीन भाषांची कडवी म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत.

आमची मंडळी ज्यांच्यातून उभी राहिली ते अमेरिकन मेथॉडिस्ट लोक भारतात आले १८५६ मध्ये, बरेलीकडे. मुंबईत त्यांचे काम विल्यम टेलर यांच्या प्रचारसभांतून १८७१ नंतर उभे राहिले. पुढे १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा ही मेथॉडिस्ट मंडळी त्यात गेली नाही आणि १९८१ मध्ये मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. गाण्यांना मात्र या वाटण्या कधी लागू पडल्या नाहीत. जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मंडळीत पाहुणे म्हणून गेलो, तर तेच शब्द आम्हाला तोंडपाठ असतात. फक्त चाल कुठे कुठे निराळी निघते आणि पहिले कडवे संपेपर्यंत आम्ही नुसते ओठ हलवत राहतो.

गायन हा मेथॉडिस्ट मंडळीचा पाया आहे, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांचा धाकटा भाऊ चार्ल्स याने आयुष्यभरात सहा हजारांहून अधिक गीते लिहिली, आणि दोघा भावांनी खाणीत राबणाऱ्या, वाचता न येणाऱ्या माणसांना विश्वासाची शिकवण गाण्यांतून दिली. जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याविषयी सात सूचना छापल्या. त्यातली पहिलीच सूचना चालींविषयी आहे: आधी या चाली शिका, नंतर हव्या तितक्या दुसऱ्या शिका. पुढे ते सांगतात की सर्वांनी गावे, थकवा किंवा अशक्तपणा आड येऊ देऊ नये; अर्धमेल्यासारखे किंवा झोपेत असल्यासारखे गाऊ नये; पण आपला आवाज इतरांच्या वर ऐकू जावा म्हणून ओरडूही नये; लय सांभाळावी, रेंगाळू नये; आणि सर्वांत शेवटी, प्रत्येक शब्द देवाकडे लक्ष ठेवून म्हणावा. क्वायरच्या नव्या मुलांना मी या सूचना सांगते तेव्हा रेंगाळू नये या सूचनेपाशी थोडी थांबते, कारण आमच्या मंडळीला प्रत्येक ओळीच्या शेवटी मींड घेऊन स्वर लांबवण्याची जुनी आवड आहे आणि ती सगळीच्या सगळी मोडावी असे मला वाटत नाही. शोकगीतात ती शोभते. विजयाच्या गीतात तिने गीत खाली बसते.

आमच्याकडे गीतांचे दोन प्रवाह आहेत. एक भाषांतरित गीतांचा, पाश्चात्त्य चालींवरचा. दुसरा भजनांचा, अभंग, ओवी, साकी, दिंडी, पद अशा देशी चालींवरचा. पाश्चात्त्य चालींचे गणित अक्षरांवर बसवलेले असते. आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या चार ओळी असल्या की ते गीत त्या मापाच्या कोणत्याही चालीवर म्हणता येते, म्हणूनच एक चाल विसरली तर दुसरी लावून वेळ निभावता येते. अडचण अक्षरांच्या संख्येत नसते, वजनात असते. इंग्रजी ओळ बहुधा हलक्या अक्षराने सुरू होते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. मराठी ओळ पहिल्याच अक्षरावर पाय रोवून उभी राहते. त्यामुळे भाषांतर कितीही चांगले असले तरी काही ठिकाणी ‘येशू’ या शब्दातला ‘ये’ ठोक्याच्या आधीच निसटतो आणि सगळा जोर ‘शू’वर येतो. ज्यांना कान होता अशा भाषांतरकारांनी ओळीच्या आरंभी ‘हे’, ‘तू’, ‘जो’ असे एकाक्षरी शब्द ठेवून मुख्य शब्द ठोक्यावर आणला आहे. अशी गीते आपोआप तोंडात बसली, आणि बाकीची पुस्तकात राहिली.

अभंगाला ही अडचणच नाही. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक हे नरसीच्या नामदेवांपासून, गंगाखेडच्या जनाबाईंपासून, पैठणच्या नाथांपासून या मातीत मुरलेले आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत, आणि त्यांच्या गीतांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा सूर दिला. टिळक मेथॉडिस्ट नव्हते, त्यांचे काम अमेरिकन मराठी मिशनबरोबर अहमदनगरकडे झाले, परंतु मराठी बोलणारी अशी एकही प्रोटेस्टंट मंडळी मला माहीत नाही जिथे त्यांचे शब्द गायले जात नाहीत. माझा स्वतःचा कल अभंगाकडे आहे, हे मोकळेपणाने सांगते. प्रार्थना करावी ती अभंगात. तरीसुद्धा चार आवाजांचे गायन सोडून द्यावे, ते परके आहे, असे जे अलीकडे बोलले जाते ते मला मान्य नाही.

कारण त्या गायनामागे आमच्याच माणसांचे कष्ट आहेत. आमच्या आधीच्या क्वायरमास्तरांनी मिशनच्या वसतिगृहात टॉनिक सोल्फा, म्हणजे अक्षरांनी स्वर लिहिण्याची पद्धत, शिकून घेतला होता. सारा ग्लोव्हर या इंग्रज शिक्षिकेच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती लिपी घडवली, आणि तिच्यातला ‘डो’ हा आपल्या षड्जासारखाच कोणत्याही पट्टीवर ठेवता येतो. मास्तरांनी हे ओळखले आणि फळ्यावर एका बाजूला ड, र, म, फ आणि दुसऱ्या बाजूला सा, रे, ग, म असे लिहून शेतमजुरांच्या मुलांना सोप्रानो आणि आल्टो हे बायकांचे उंच आणि खालचे आवाज, टेनर आणि बास हे पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज, यांच्या ओळी स्वतंत्रपणे पाठ करवल्या. शनिवारी संध्याकाळी तालीम असे. आधी बास, मग टेनर, मग आम्ही आल्टोच्या मुली, आणि चाल ज्यांच्या वाट्याला येई त्या सोप्रानोच्या मुली सगळ्यांत शेवटी, कारण चाल कानावर पडली की बाकीचे आपली ओळ सोडून तिच्यामागे धावतात, हा त्यांचा अनुभव होता. तो खराच आहे. आपला कान एका सुरावटीचा आणि तिच्याखालच्या षड्जाचा आहे. तीन माणसे शेजारी निराळे काहीतरी गात असताना आपल्या स्वरावर टिकून राहणे ही आपल्यासाठी मोठी साधना आहे. आल्टोची ओळ फारशी हलत नाही, दोन-तीन स्वरांतच फिरते, एकटी म्हटली तर ती गाणे वाटतही नाही. ती चुकली तर मात्र देवळातल्या प्रत्येकाला काहीतरी हरवल्याचे कळते. इतरांचे ऐकत ऐकत आपले म्हणायचे आणि कोणाच्याही वर जायचे नाही, ही वेस्लींची सूचना मला आल्टोच्या बाकावर समजली.

पेटीचा इतिहासही असाच येण्या-मिसळण्याचा आहे. अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता चालवायची होती, आपण जिला पायपेटी म्हणतो ती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवता येणारी पेटी घडवली आणि ती भजनी मंडळापासून गुरुद्वारापर्यंत सगळीकडे पोहोचली. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून चारही आवाजांच्या पट्ट्या एकदम दाबता येतात. हातपेटीवर एक हात भात्यावर अडकतो आणि उजव्या हाताला सुरावटच तेवढी पेलते. आमच्या देवळातली पायपेटी बंद पडली, तिच्या पट्ट्या बसवणारा कारागीर मिळेना, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत टेनरचा आवाज आमच्या क्वायरमधून गेला. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असे मला वाटते.

हलगीविषयी लिहिणे अवघड आहे, पण टाळता येत नाही. ज्या वस्त्यांतून आमची मंडळी उभी राहिली, त्यात हलगी आणि सनई पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी घरे होती. त्या घरांतल्या माणसांनी देवळात हलगी आणली नाही. बाहेरच्या कोणी मनाई केली होती असे नाही. गावकीच्या सक्तीने, उंबऱ्याबाहेर उभे राहून जे वाजवावे लागले ते देवाच्या घरात नको, असे त्यांनाच वाटले, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला सांगितले आहे. आज त्यांची नातवंडे नाताळच्या कॅरलफेरीत हलगी वाजवतात, आणि ती अंगणात घुमली की म्हातारे काही न बोलता उठून आत जातात किंवा तिथेच उभे राहून टाळ्या धरतात. दोघांचेही मला पटते. हलगी देवळात यावी असे माझे मत आहे, परंतु ती कशी यावी हे ठरवण्याचा अधिकार त्या घरांचा आहे, क्वायरचा नाही.

वर्षभरात क्वायरला जे काम पडते त्यातले नाताळचे सर्वांना दिसते. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून तालमी सुरू होतात, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुले नाताळच्या आठवड्यात एसटीने येतात आणि दोन दिवसांत आपापल्या ओळी धरतात. ऊसतोडीला गेलेली घरे मात्र तेव्हा कारखान्याच्या तळावर असतात, त्यामुळे आमची क्वायर नाताळात कधीच पुरती भरत नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना आणि नव्या वर्षारंभी देवाशी केलेल्या कराराचे नूतनीकरण या दोन्ही खास वेस्लींच्या परंपरा. कराराची पहिली उपासना त्यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये घेतली होती. कापणीच्या सणाला ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, कोंबड्या, अंडी पुढे आणून ठेवतात आणि लिलाव होतो, तेव्हा क्वायरपेक्षा बायकाच अधिक गातात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, मार्च-एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात मनने होतात आणि प्रत्येक मननानंतर एक गीत असते. त्या तीन तासांत शेवटच्या गीताला आवाज उरवणे, हे मी क्वायरच्या नव्या मुलींना सर्वांत आधी शिकवते: पहिल्या तीन उद्गारांना पुढे जाऊ नका, पाणी घोटघोट घ्या, चौथ्या उद्गाराच्या गीतात मंडळीला गाऊ द्या आणि तुम्ही नुसता सूर धरा.

पण चाली खऱ्या टिकून राहिल्या आहेत त्या मातीच्या वेळी. कोणी गेले की क्वायर त्या घरी जाते. तिथे पेटी नसते, पुस्तकही पुष्कळदा नसते, रात्रभर बसायचे असते. दफनाला जाताना वाटेत गायचे असते, कबरीवर माती पडत असताना गायचे असते. अशा वेळी तालमीत कधीही न म्हटलेली गीते बाहेर येतात, कारण ती म्हणणाऱ्या बायकांनी ती त्यांच्या सासवांकडून अशाच रात्री घेतलेली असतात. आमच्या आजीच्या पिढीतल्या कित्येक बायकांना अक्षरओळख नव्हती. प्रभूचा जन्म, दृष्टांत, वधस्तंभ, पुनरुत्थान हे सगळे त्यांनी कडव्या-कडव्याने पाठ केले होते आणि दळताना त्याच्या ओव्या केल्या होत्या. मी ज्या जुन्या चाली आज म्हणू शकते, त्यातल्या निम्म्याहून अधिक मी कोणाच्या तरी घरच्या दुःखात शिकले आहे.

आता रविवारी काय होते ते सांगते. कीबोर्ड आहे, त्यात ताल भरलेला आहे, दोन माइक आहेत, आणि माइकसमोर उभी असलेली चार-पाच मुले मोबाइलवरून उचललेली हिंदी-मराठी गाणी मनापासून गातात. त्यांच्या मनापासून गाण्याविषयी मला शंका नाही. ती आमचीच मुले आहेत आणि देवळात येतात, याचा मला आनंद आहे. परंतु भरलेला ताल कोणासाठी थांबत नाही, पट्टी गायकाच्या गळ्याची असते, मंडळीच्या गळ्याची नसते, आणि ध्वनिवर्धकातून येणाऱ्या आवाजाखाली शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. ज्याला शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही तो दुसऱ्या कडव्यापर्यंत गायचा थांबतो. हे मी आमच्या बाकांवर पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दुधात विरजण मिसळावे तशी क्वायर मंडळीत मिसळून असली पाहिजे, म्हणजे सगळे गायन धरते. म्हणून निदान पहिल्या आणि शेवटच्या गीताला माइक बंद ठेवावेत आणि क्वायरने बाकांमध्ये विखरून उभे राहावे, असा आग्रह मी पाळकसाहेबांकडे धरला. त्यांनी तो मान्य केला आहे. पट्टीही दोन स्वरांनी खाली आणली, आणि पुरुष पुन्हा गाऊ लागले.

नव्या चालींना माझा विरोध नाही, कारण शब्दांना नवी चाल मिळणे हे आमच्या परंपरेतच आहे. चार्ल्स वेस्ली यांचे ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ हे जे नाताळगीत जगभर आणि आपल्याकडे मराठीतही म्हटले जाते, ते १७३९ मध्ये छापले गेले. त्याची पहिली ओळ पुढे जॉर्ज व्हिटफिल्ड यांनी बदलली, आणि आज आपण म्हणतो ती चाल जर्मन संगीतकार मेंडेलसोन यांनी १८४० मध्ये मुद्रणकलेच्या चारशे वर्षांच्या उत्सवासाठी रचलेल्या संगीतातली आहे. विल्यम कमिंग्ज यांनी ती १८५५ मध्ये या शब्दांना लावली, म्हणजे वेस्ली स्वतः ती कधी ऐकू शकले नाहीत. पण ही सगळी वाटचाल आपल्याला कळते, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ती लिहून ठेवली. आमच्या भागातल्या चालींची अशी नोंद कुठेच नाही.

म्हणून क्वायरमधल्या दोन मुलींना बरोबर घेऊन मी चाली टिपायला सुरुवात केली आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो आणि त्याखाली चार गोष्टी लिहितो: गाणाऱ्याने स्वतः धरलेली पट्टी, म्हणजे काळी एक, काळी दोन किंवा पांढरी जी असेल ती, ताल, बहुतेक वेळा केरवा किंवा दादरा, कुठे कुठे धुमाळी, ती चाल कोणाकडून आणि कोणत्या गावी शिकली, आणि ती कोणत्या प्रसंगी म्हणतात. मग सरगम लिहितो. पेटी आधी वाजवायची नाही, असा नियम केला आहे, कारण पेटीचा सूर ऐकला की म्हातारी माणसे तिच्या स्वरांना चिकटतात आणि त्यांच्या चालीतले बारीक, मधले स्वर पुसले जातात. एकाच गीताच्या दोन चाली मिळाल्या तर दोन्ही लिहितो आणि कोणती खरी यावर वाद घालत नाही. कानडी किंवा तेलुगू कडवी मिळाली तर तीही देवनागरीत उतरवतो.

देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा, नांदेड या बाजूच्या मंडळ्यांतल्या वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मातीच्या वेळची आणि कापणीच्या सणाची गीते या उन्हाळ्यातच म्हणायला सांगावीत आणि वरच्या चार गोष्टींसह टिपून ठेवावीत. शब्द अर्धे आठवत असले तरी चालेल, ते पुस्तकात सापडतात. सुरुवात गीतपुस्तकाच्या मागच्या भागापासून करावी, कारण रविवारी त्या पानांपर्यंत आता कोणी जात नाही.